शनिवारचं अलिबाग आणि मंगळवारचं अलिबाग

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी ३७ वर्षांची, डोंबिवलीत स्वतःचा वन बीएचके, कर्ज फिटत आलंय. तिचं ऑफिस बेलापूरला, आठवड्याचे पाचही दिवस. नवरा बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, त्याला तीन दिवस जावं लागतं, दोन दिवस घरून काम. मुलगी तिसरीत. लोकलच्या गर्दीला आणि कल्याण-शीळ रोडच्या ट्रॅफिकला दोघं विटलेत. त्यात ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ चालत्या लोकलमधून माणसं पडली, काही जिवानिशी गेली, तेव्हापासून सकाळी ठाण्याची गाडी पकडताना तिच्या छातीत धडधडतं. नवरा म्हणतो घर विकून गावी, अलिबागजवळच्या रेवदंड्याला जाऊ, आईवडीलही थकलेत, मांडव्याहून बोटीने तासाभरात मुंबई. तिला नवी मुंबईच्या उलव्यात टू बीएचके घ्यायचाय, अटल सेतू, विमानतळ, लोकल सगळंच जवळ म्हणून. भाऊ म्हणतो पेणला घे, दोन्हीच्या मध्ये पडेल. रेवदंड्याच्या घरी सासूसासरे आहेत, मागच्या दोन खोल्या ते पर्यटकांना देतात. शेवटी तिने विचारलंय, "ताई, जिथे ट्रॅफिक आणि गर्दी नाही पण पुढे चांगली डेव्हलपमेंट होणार आहे असं एखादं ठिकाण सांगाल का?"

अगं, असं ठिकाण मला माहीत असतं तर मीच नसते का तिथे दोन गुंठे घेऊन बसले!

हसण्यावारी नेत नाहीये. तुझा तो शेवटचा प्रश्न मी दोनदा वाचला आणि मला वाटलं गाठ तिथेच आहे. गर्दी नकोय आणि डेव्हलपमेंट हवीय, म्हणजे घराचा भाव वाढायला हवा, आणि भाव वाढतो तो माणसं येतात म्हणूनच ना? आपण गर्दीतून सुटून जिथे जातो तिथे आपल्यासारखेच सुटलेले लोक आधीच रुमाल टाकून जागा धरून बसलेले असतात. उलव्यात पंधरा वर्षांपूर्वी ज्यांनी घरं घेतली त्यांना पण शांतताच हवी होती. तेव्हा आधी हे ठरवा की हे घर राहायला घेताय की गुंतवणूक म्हणून. राहायला असेल तर पुढे काय होणार हा विचार खूप खाली जातो आणि सकाळी सात वाजता काय होतं हा विचार वर येतो. गुंतवणूक करायची असेल तर खुशाल करा, पण मग स्वतः तिथे राहायचा हट्ट कशाला?

आता तुझ्या भीतीबद्दल आधी बोलते कारण पत्रात तू ती एका ओळीत उरकलीयस आणि मला ती सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. रेल्वेवाल्यांनी त्या गर्दीला सुपर डेन्स क्रश लोड असं भारदस्त नाव दिलंय, एका चौरस मीटरला १४ ते १६ माणसं. एक चौरस मीटर म्हणजे साधारण आपल्या घरातलं चार माणसांचं छोटं डायनिंग टेबल. त्यावर सोळा माणसं उभी कर डोळ्यासमोर, वर प्रत्येकाची सॅक. याची भीती वाटते म्हणजे तुझं काही चुकतंय असं नाही, उलट डोकं ठिकाणावर आहे. तेव्हा तुला नेमका कुठला प्रवास टाळायचाय ते आधी नीट लिहून काढ. तुला डोंबिवली टाळायचीय, की डोंबिवली ते ठाणे हा सकाळचा अर्धा तास? दोन्हीत फरक आहे, आणि दुसऱ्यासाठी शंभर किलोमीटर लांब जायची गरज नसते.

नवऱ्याच्या "बोटीने तासाभरात मुंबई"वर येते. मी अलिबागची, फोर्टात नोकरी करत सहा वर्षं हा प्रवास केलाय त्यामुळे ते वाक्य ऐकलं की मला हसूही येतं आणि थोडी कणवही येते. बोट तासाभरात पोचते हे खरंय. पण बोट मांडव्याहून गेटवेला जाते, रेवदंड्याहून बीकेसीला नाही जात. रेवदंडा ते अलिबाग सतरा किलोमीटर, नागाव-चौलच्या वाड्यांमधून जाणारा रस्ता, चाळीस मिनिटं धर. अलिबाग ते मांडवा वीसेक किलोमीटर, पाऊण तास. जेट्टीवर वीस मिनिटं आधी पोचायला हवं. बोटीचा एक तास. गेटवेला उतरून हुतात्मा चौकाच्या मेट्रोपर्यंत वीस मिनिटं, आणि मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली म्हणून बीकेसीला अर्ध्या तासात पोचेल, हे त्याचं नशीब, माझ्या वेळी नव्हती. सगळं जमव, साडेतीन तासांच्या पुढे जातं. एका बाजूचे. आणि संध्याकाळी बॉसने "पाच मिनिटं बोलू या का" म्हटलं आणि शेवटची बोट चुकली तर काय, ते मी वेगळं सांगत नाही.

बरं, हे कोरड्या दिवसातलं. जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत गेटवेच्या बोटी बंद असतात. गाड्याही नेणारी रो-रो बोट चालते, २०२० पासून ती आल्याने आमची मोठी सोय झालीय हे मान्यच करायला हवं, पण ती भाऊच्या धक्क्याला लागते आणि समुद्र खवळला की तीही रद्द होते. मग उरतो रस्ता. पोयनाड, वडखळ, पेण, पनवेल. वडखळ नाका ज्याने पाहिला नाही त्याने अलिबागला राहायला यायचा विचार करू नये असं माझं सरळ मत आहे, मुंबई-गोवा हायवेचं रुंदीकरण २०११ पासून चाललंय आणि आम्ही अजून पावसाळ्यात त्याच खड्ड्यांना नावं ठेवत बसतो.

एका जुलैतली गोष्ट सांगते. ऑफिसातून साडेपाचला निघाले, बोटी बंद म्हणून एसटी. पेणला पोचले तेव्हा दहा वाजून गेलेले, वडखळला गाडी जी थांबली ती हलेचना, ड्रायव्हरने इंजिन बंद करून तंबाखू मळायला घेतली तेव्हाच कळलं की आता काही खरं नाही. घरी आले साडेबाराला. नवरा तेव्हा बाहेरगावी. मुलगा सात वर्षांचा, शेजारच्या काकूंच्या सोफ्यावर शाळेच्या गणवेशातच झोपलेला, एका पायात मोजा होता, एका पायात नव्हता. काकू काही बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या जेवलाय तो. पुढच्या वर्षी मी नोकरी बदलली.

हे तुला घाबरवायला नाही सांगत. सांगते एवढ्यासाठी की नवरा जे अलिबाग बघतो ते सणाला, सुट्टीला, शनिवारी जाणाऱ्याचं अलिबाग आहे. आईच्या हातचं जेवण, संध्याकाळी किनाऱ्यावर फेरी, रविवारी परत. तिथे राहणाऱ्यांचं अलिबाग मंगळवारचं असतं. आणि गंमत बघ, शनिवारी तर आम्ही स्थानिक लोक घराबाहेरच पडत नाही. नागावच्या अरुंद रस्त्यात एका बाजूने मुंबई पासिंगच्या गाड्यांची रांग, समोरून एसटी, दोन्हीकडे वाड्यांचे गडगे, मागे घ्यायला जागा नाही, मग कोणीतरी बर्म्युडातला माणूस खाली उतरून हात हलवून ट्रॅफिक पोलीस होतो आणि त्याचं कोणीच ऐकत नाही. ज्या ट्रॅफिकला कंटाळून तुम्ही इकडे येणार तेच ट्रॅफिक दर शुक्रवारी रात्री तुमच्या मागोमाग येणार आहे.

आता एक थोडं टोचणारं विचारू? नवऱ्याच्या या प्लॅनमध्ये तुझं ऑफिस कुठे आहे? पूर्ण पत्रात बोट, बीकेसी, आईवडील सगळं आहे. रेवदंडा ते बेलापूर मात्र कुठेच नाही. अलिबागला पॅसेंजर रेल्वेच नाही, म्हणजे एसटी किंवा स्वतःची गाडी, नव्वद-शंभर किलोमीटर एका बाजूने, आठवड्यातून पाच दिवस. हे शक्यच नाहीये हे तुलाही माहितेय आणि त्यालाही. म्हणजे या प्लॅनचा खरा अर्थ काय होतो, तर तू नोकरी सोडणार. असा निर्णय घेऊच नये असं मी म्हणत नाही, लोक घेतात आणि सुखी पण होतात. पण तो "गर्दी नको" या नावाखाली मागच्या दाराने घरात येऊ नये. तुम्ही दोघं बसा, आणि त्याला सरळ विचार की तू माझी नोकरी धरून बोलतोयस की सोडून. तो मुद्दाम करतोय असं अजिबात नाही हं, बहुतेक नवऱ्यांच्या डोक्यात हा हिशोब येतच नाही, कारण मंगळवारी साडेसहाला डबा भरणारं माणूस त्यांच्या हिशोबात धरलेलंच असतं.

उलवे. तुझा ओढा तिकडे आहे आणि कारणंही चांगली आहेत. खारकोपरपर्यंत लोकल २०१८ ला आली, आणि पुढे उरणपर्यंतची लोकल आणि अटल सेतू दोन्हीचं उद्घाटन एकाच दिवशी झालं, १२ जानेवारी २०२४ ला. विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानंही उडायला लागली. तुला बेलापूर तर हाकेवर, थेट गाडी आहे. फक्त ती गाडी हार्बरसारखी नाही, एक गेली की दुसरी लगेच येत नाही, तेव्हा टाइमटेबल समोर ठेव आणि तुझ्या ऑफिसच्या वेळेला कुठली गाडी बसते ते बघ. नवऱ्याला मात्र अटल सेतूचा वाटतो तेवढा उपयोग नाही. बाइकला तिथे परवानगीच नाही, आणि कार न्यायची तर टोल एकेरी २५० आणि जाऊनयेऊन ३७५ असा ठरला होता, महिन्यात बारा फेऱ्या धरल्या तर साडेचार हजार नुसता टोल, पेट्रोल वेगळं. शिवाय सेतू शिवडीला सोडतो, तिथून बीकेसी म्हणजे परत मुंबईचंच ट्रॅफिक. तो बहुतेक नेरुळला गाडी बदलून हार्बरने कुर्ल्यालाच जाईल, सगळेच जातात.

आणि बिल्डरच्या ऑफिसात भिंतीवर जो नकाशा असतो ना, हिरव्या-निळ्या रेघांचा, त्यातल्या ठिपक्यांच्या रेघांवर बोट ठेवून विचारायचं की ही गाडी आज किती वाजताची आहे. या एका प्रश्नाने बरंच साफ होतं. वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ ला झाला आणि मानखुर्दहून वाशीला लोकल आली १९९२ ला. मधल्या एकोणीस वर्षांत जे तिथे राहायला गेले त्यांनी बसला लोंबकळत दिवस काढले. आमच्या रेवस-करंजा पुलाचं तर विचारूच नकोस, अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून तो "होणार" आहे, माझी आजी त्याच्या गप्पा मारायची, आता काम लागलंय म्हणतात तर आनंदच आहे. म्हणजे या गोष्टी होत नाहीत असं नाही, होतात, फक्त तुझी मुलगी तिसरीत असताना होतील की कॉलेज संपवल्यावर, ते कोणी लिहून देत नाही. जे आज चालू आहे त्याच्यावर घर घ्यायचं, जे उद्या येईल तो बोनस समजायचा.

उलव्याला घर बघायला रविवारी दुपारी जाऊ नकोस. एकदा मंगळवारी सकाळी सातला जा आणि स्टेशनपर्यंत स्वतः चालत जा, सॅक घेऊन. एकदा मे महिन्यात जा आणि सोसायटीच्या ऑफिसात नाही, वॉचमनला विचार की टँकर येतात का आणि दिवसाला किती. एकदा रात्री जा, जेएनपीटी बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या ट्रेलरचा आवाज बेडरूममध्ये किती येतो ते ऐकायला. नवीन बिल्डिंग असेल तर महारेराच्या साइटवर ताबा कधीचा लिहिलाय ते बघ, तयार असेल तर ओसी, म्हणजे राहायला परवानगीचा दाखला, दाखवा म्हण, "प्रोसेसमध्ये आहे" म्हणाले तर हसून बाहेर पड.

पेणबद्दल फार नाही लिहीत. गाव छान आहे, माणसं छान, पोहे तर काय विचारूच नको. पण मध्ये पडतं म्हणून घर घेणं म्हणजे दोघांनाही लांब पडणं. पनवेलच्या बाजूला जायला मोजक्या गाड्या, नाहीतर एसटी, तीस-पस्तीस किलोमीटर. पाण्याचं पण बघून घे, हेटवणे धरण पेण तालुक्यात, त्याचं पाणी नवी मुंबईकडे जातं आणि खारेपाटातल्या बायका उन्हाळ्यात हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. भावाला सांग, तू जा आधी.

आता जो पर्याय पत्रात नाहीच तो. डोंबिवलीचं घर विकू नका, भाड्याने द्या, आणि तुम्ही नेरुळ-जुईनगर पट्ट्यात अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहा. सिडकोच्या जुन्या बिल्डिंगी असतात, लिफ्ट नसते, जिन्यात पोपडे निघालेले असतात, पण स्टेशन चालत. नेरुळहून तुला बेलापूर दोन स्टेशनं, म्हणजे ज्या गाडीची तुला भीती वाटते ती आयुष्यातून गेलीच. नवऱ्याला कुर्ला सरळ, गाडी न बदलता. डोंबिवलीचं भाडं कमी येईल आणि इकडचं जास्त जाईल, मधला फरक खिशातून घालावा लागेल, हे कबूल. तो फरक कागदावर मांड आणि शेजारी लिही की दोघांचे मिळून महिन्याला किती तास वाचतात. मग ठरव महाग काय ते. याच अकरा महिन्यांत उलवे तिथून चार स्टेशनांवर, पाहिजे तेवढ्या वेळा जाऊन बघता येईल, पावसाळ्यातही. शाळा मात्र बदलावी लागणार, तेव्हा हलायचं ते एप्रिल-मेमध्येच, मध्येच उचलून आणू नका पोरीला, तिच्या मैत्रिणी हा पण एक पत्ताच असतो.

(पुरुष वाचकांसाठी, आणि ज्यांचं ऑफिस ठाणे-पुणे-नाशिक कुठेही आहे त्यांच्यासाठी: हिशोब तोच. घरातल्या प्रत्येकाचा दारापासून दारापर्यंतचा वेळ आठवडाभर वहीत लिहा, गुगल मॅपचा नाही, स्वतःच्या घड्याळाचा. आणि सरासरी काढू नका, त्या आठवड्यातला सगळ्यात वाईट दिवस धरा. ऑफिसात तासभर आधी येऊन तासभर आधी निघता येईल का हे विचारायला तर पैसे पण पडत नाहीत, तरी लोक घर बदलतात पण बॉसला विचारत नाहीत.)

नवऱ्याची रेवदंड्याची ओढ मात्र थट्टेवारी नेऊ नकोस. आईवडील थकलेत हे त्याने दुसऱ्या नंबरवर लिहायला सांगितलं असेल पण ते पहिल्या नंबरचं असावं असा माझा अंदाज आहे, बोट वगैरे त्याने नंतर जोडलंय. त्याला घरून काम करायचे दोन दिवस आहेत ना? गुरुवार-शुक्रवार मागून घेतले तर बुधवारी रात्री गावी, तिथून काम, आणि तू मुलीला घेऊन शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी पहाटे. दर आठवड्याला नाही जमणार, महिन्यातून दोनदा जमेल. त्यासाठी आधी घरात इंटरनेट नीट चालतं का ते बघायला सांग, नारळाच्या झावळ्या पडून वायर तुटणं हा आमच्याकडचा नेहमीचा कार्यक्रम आहे, आणि पावसात लाइट जाते त्यासाठी इन्व्हर्टर लागेल.

आणि एक शेवटचं. मागच्या दोन खोल्या पर्यटकांना देतात असं तू सहज लिहून गेलीयस. नवरा म्हणतो तसे तुम्ही तिघं कायमचे राहायला गेलात तर झोपणार कुठे? त्याच दोन खोल्यांत ना? म्हणजे सासूसासऱ्यांची दर शनिवार-रविवारची कमाई बंद, आणि ती बहुतेक त्यांच्या औषधाला, लाइटबिलाला आणि कोणापुढे हात पसरायला लागू नये या अभिमानाला पुरत असणार. पत्रात तुझं मत आहे, नवऱ्याचं आहे, भावाचं सुद्धा आहे. सासूबाईंना कोणी विचारलंय का? त्यांना फोन कर आणि तूच विचार, नवऱ्याला नको सांगूस, त्याला त्या "ये की रे बाबा" एवढंच म्हणतील. फक्त रविवारी सकाळी करू नकोस, तेव्हा त्यांची पाहुण्यांच्या घावण्यांची गडबड असेल.